सोनं, शिसं आणि मोजणाऱ्याचा हात

१९२३ च्या जुलै महिन्यात हॅम्बुर्गहून न्यूयॉर्कला निघालेल्या ‘हान्सा’ या प्रवासी जहाजावर फारसा गाजावाजा न करता एक छोटी रसायनशाळा थाटण्यात आली होती. तिचा म्होरक्या होता फ्रिट्झ हाबर. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा, त्यासाठी नोबेल मिळवणारा आणि पहिल्या महायुद्धात विषारी वायूंचा कारभार पाहणारा हाच तो हाबर. आता त्याला समुद्राच्या पाण्यातून सोनं काढायचं होतं.

यामागे हौस नव्हती. युद्ध हरलेल्या जर्मनीवर १९२१ साली दोस्त राष्ट्रांनी १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई लादली होती. सोन्यात मोजली तर ती जवळपास ५० हजार टन भरत होती. एवढं सोनं जमिनीत मिळणार नव्हतं, पण समुद्रात ते आहे असं रसायनशास्त्रज्ञ पन्नास वर्षं सांगत आले होते. १८७२ साली सोनस्टाट या इंग्रज रसायनज्ञाने तसा दावा केला होता. पुढे स्वान्ते अऱ्हेनियससारख्या दिग्गजाने टनामागे ६ मिलिग्रॅम हा अंदाज दिला. या हिशेबाने जगातल्या समुद्रांत आठशे कोटी टन सोनं होतं. त्यातलं कणभर हाती आलं तरी कर्ज फिटणार होतं.

सोनं वेगळं करण्याची हाबरची रीत अशी होती. पाण्यात शिशाचा क्षार घालून काळा साका खाली बसवायचा, त्याच्याबरोबर सोनंही खाली येतं. तो साका भट्टीत तापवून शिसं घालवायचं. मागे सोन्याचा अगदी बारीक मणी उरतो. तराजूला तो कळत नाही, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्याचा व्यास मोजायचा आणि त्यावरून वजन काढायचं. जगभरातून आणलेल्या हजारो नमुन्यांवर ही कसरत चालली. मात्र रीत जसजशी सुधारत गेली तसतसं सोनं कमी होत गेलं. आधी सापडलेलं पुष्कळसं सोनं रसायनांतून आणि भांड्यांतून आलेलं होतं. शेवटी हाबरचा आकडा टनामागे ०.००४ मिलिग्रॅमवर आला, म्हणजे अपेक्षेच्या हजाराव्या भागाहूनही कमी. १९२७ साली त्याने सगळी हकीकत प्रसिद्ध केली आणि तो नाद सोडला. आजच्या मोजणीनुसार उत्तर अटलांटिकच्या सुमारे दहा कोटी टन पाण्यात एक ग्रॅम सोनं असतं. हाबरचा तो शेवटचा आकडासुद्धा शेकडो पटींनी फुगलेला होता.

समुद्राच्या पाण्यात विरघळलेली द्रव्यं मोजण्याचा गेल्या शतकभराचा इतिहास म्हणजे बराचसा हाच धडा पुन्हा पुन्हा गिरवण्याचा इतिहास आहे. पाण्यात काय आहे हे शोधायला निघालेल्या माणसाला आधी आपल्या हातात, आपल्या बाटलीत आणि आपल्या जहाजावर काय आहे ते शोधावं लागलं.

सुरुवात सोप्या भागापासून झाली. ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगाचे समुद्र पालथे घालून आलं. त्याने आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने ग्लासगोच्या विल्यम डिटमारने तपासले आणि १८८४ साली अहवाल दिला. पाणी खारट असो वा थोडं कमी खारट, त्यातल्या क्लोराईड, सोडियम, सल्फेट, मॅग्नेशियम या मुख्य घटकांचं आपसातलं प्रमाण जवळपास सगळीकडे सारखंच निघालं. किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, आणि त्याचा मसाला ठरलेला. यामुळे समुद्राचं रसायनशास्त्र उरकलं असाही समज पसरू शकला असता. पण समुद्रात काय जगतं आणि किती जगतं, हे या मिठाने ठरत नाही. ते ठरतं त्यात लाखांश, अब्जांश प्रमाणात असलेल्या द्रव्यांवर: नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट हे पोषक क्षार आणि लोह, जस्त, तांबं यांसारखे सूक्ष्म धातू. त्यांचं प्रमाण जागोजाग आणि ऋतूऋतूला बदलतं.

पोषक क्षारांचा पहिला नेटका हिशेब इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर प्लिमथला मांडला गेला. तिथल्या सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत १९२१ साली डब्ल्यू. आर. जी. ॲटकिन्स हा आयरिश रसायनज्ञ रुजू झाला. फ्रान्सच्या देनिझेसने नुकतीच एक रीत दिली होती: फॉस्फेट असलेल्या पाण्यात मॉलिब्डेट आणि कथिलाचा क्षार घातला की निळा रंग येतो, आणि फॉस्फेट जितकं जास्त तितका तो गडद. ॲटकिन्सने ही रीत समुद्राच्या पाण्याला लावली. बोट प्लिमथच्या नैर्ऋत्येला, एडिस्टन दीपगृहापलीकडच्या ‘ई-१’ या ठरावीक जागी जायची. पाणी काचेच्या नळ्यांत ओतायचं, शेजारी माहीत असलेल्या प्रमाणाचे नमुने ठेवायचे आणि निळाई डोळ्यांनी ताडून पाहायची. वर्षभराच्या नोंदींतून एक स्वच्छ चित्र उभं राहिलं. हिवाळ्यात वादळं पाणी घुसळतात आणि वर फॉस्फेट भरपूर असतं. वसंतात ऊन वाढलं की वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, फोफावतात आणि उन्हाळ्यापर्यंत वरच्या थरातलं फॉस्फेट जवळपास संपतं. रब्बीचं पीक जमिनीतलं खत उचलतं तसाच हा प्रकार होता. किती फॉस्फेट कमी झालं यावरून समुद्राचं पीक किती आलं, याचा अंदाज १९२३ साली पहिल्यांदा कागदावर आला.

ॲटकिन्सचा सहकारी एच. डब्ल्यू. हार्वे नायट्रेटच्या मागे लागला होता. त्याने वापरलेलं रसायन ऐकून आजचा विद्यार्थी दचकेल. ते होतं स्ट्रिक्निन, म्हणजे कुचल्याच्या बियांतलं विष. त्याच्या एका रूपाला तीव्र आम्लात नायट्रेट भेटलं की लाल रंग येतो. १९२६ साली हार्वेने ही रीत प्रसिद्ध केली.

इथेही मोजणाऱ्याची चूक दबा धरून बसली होती, फक्त यावेळी ती घाणीची नव्हती. समुद्राच्या मिठामुळे तो निळा रंग थोडा फिका पडतो. त्यामुळे फॉस्फेट खऱ्यापेक्षा सुमारे पाव भागाने कमी मोजलं जात होतं. १९३४ साली अमेरिकेच्या आल्फ्रेड रेडफील्डने समुद्राच्या पाण्यातलं आणि प्लवकांच्या शरीरातलं नायट्रोजन-फॉस्फरसचं प्रमाण सारखं असल्याचं दाखवलं, तेव्हा त्याच्या हिशेबात ते २० ला १ असं आलं. प्लिमथच्याच एल. एच. एन. कूपरने १९३८ साली मिठाची ही चूक सुधारली आणि प्रमाण १५ ला १ च्या आसपास उतरलं. आज पाठ्यपुस्तकांत १६ ला १ असं जे ‘रेडफील्ड प्रमाण’ छापलं जातं, ते या दुरुस्तीतून आलेलं आहे. निसर्गाचा नियम तोच राहिला, त्याचा आकडा मात्र नळीतल्या रंगाच्या चुकीने चार-पाच घरं सरकला होता.

१९६२ साली लिव्हरपूलच्या मर्फी आणि रायली यांनी फॉस्फेटची रीत इतकी सोपी केली की ती आजही जगभर तशीच चालते. मॉलिब्डेट, सल्फ्युरिक आम्ल, क जीवनसत्त्व म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल आणि थोडासा अँटिमनीचा क्षार हे सगळं एकाच द्रावणात मिसळायचं, नमुन्यात घालायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. रंग जांभळट निळा येतो, तो ८८० नॅनोमीटरवर प्रकाशमापकात वाचायचा. मिठाची चूक या रीतीत जवळपास उरत नाही. नायट्रेटसाठी स्ट्रिक्निन मागे पडलं आणि कॅडमियमचा कीस भरलेली नळी आली. तिच्यातून जाताना नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि मग त्याचा गुलाबी रंग मोजता येतो. या प्रयोगशाळांत रोजचे नियमही साधे पण कडक असतात. फॉस्फेटची भांडी साध्या साबणाने धुवायची नाहीत, कारण साबणात फॉस्फेट असू शकतं. अमोनिया मोजताना जवळपास सिगारेट पेटवायची नाही, धुरातला अमोनिया पाण्यात उतरतो. नमुना लगेच तपासता येत नसेल तर गोठवायचा, नाहीतर बाटलीतले जिवाणू फॉस्फेट खाऊन टाकतात.

धातूंचं गाडं मात्र बरीच वर्षं चिखलात रुतून होतं. साठच्या दशकापर्यंत समुद्रातल्या शिशाचे, जस्ताचे, तांब्याचे आकडे पुस्तकांत छापले जात होते, पण दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नव्हते. खोलीनुसार आलेख काढला तर तो दातेरी करवतीसारखा वरखाली व्हायचा. गाठ सोडवणारा माणूस भलत्याच वाटेने आला. क्लेअर पॅटरसन उल्कांमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचं वय काढत होता. १९५६ साली त्याने ते ४५५ कोटी वर्षं असं प्रसिद्ध केलं. या कामात त्याला एकच शत्रू भेटला, तो म्हणजे जिकडेतिकडे पसरलेलं शिसं. नळाच्या पाण्यात, रंगात, डाखकामात, केसांत, हवेत, सगळीकडे ते होतं. शेवटी कॅलिफोर्नियाच्या कॅलटेकमध्ये त्याने गाळलेल्या हवेची खोली बांधली. आत जाणाऱ्याने अंगावर प्लास्टिक चढवायचं, भांडी गरम आम्लात आठवडेच्या आठवडे मुरवायची, पाणीसुद्धा स्वतः शुद्ध करून घ्यायचं.

याच शिस्तीने पॅटरसन समुद्राकडे वळला. १९६३ साली तात्सुमोतोबरोबर त्याने अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातलं शिसं मोजलं. खोल पाण्यात शिसं नगण्य होतं, तर पृष्ठभागाजवळ ते कितीतरी जास्त होतं. शिशाचा असा उलटा साठा पॅटरसनला नैसर्गिक वाटला नाही. वरचं शिसं हवेतून, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या टेट्राएथिल लेडमधून पडत होतं. १९६५ साली त्याने हे स्पष्ट लिहिलं तेव्हा शिशाच्या उद्योगाशी त्याची जुंपली आणि काही ठिकाणचं अनुदान बंद झालं. १९८१ साली शाऊल आणि पॅटरसन यांनी ईशान्य पॅसिफिकमधून खोलीनुसार घेतलेले आकडे दिले आणि वाद जवळपास मिटला. अमेरिकेने १९९६ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल पूर्ण बंद केलं, भारताने २००० साली.

पॅसिफिकमधलं ते पाणी आणलं कसं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. जहाज म्हणजे मोजणीच्या दृष्टीने तरंगतं भंगार: लोखंडी तळ, जस्ताच्या पट्ट्या, तांब्याचा रंग, तेल-चोपडलेली तार, वर धुराडं. म्हणून पृष्ठभागाचं पाणी घ्यायला माणसं छोट्या होडीतून जहाजापासून दूर, वाऱ्याच्या तोंडाशी जात आणि बाटली हात लांब करून वाऱ्याच्या दिशेने बुडवत. खोलवरच्या पाण्यासाठी पोलादी तारेऐवजी केव्हलारचा दोर आला. उघड्या तोंडाच्या बाटल्या पृष्ठभागावरची घाण गिळतात, म्हणून बंद तोंडाने बुडून खाली गेल्यावर उघडणाऱ्या बाटल्या वापरात आल्या. नमुना हाताळायला दोन माणसं लागतात. एक ‘घाणेरड्या हाताचा’, जो बाहेरची पिशवी उघडतो आणि दोर, खटके, बाकी सगळं सांभाळतो. दुसरा ‘स्वच्छ हाताचा’, जो फक्त आतल्या पिशवीतल्या बाटलीला स्पर्श करतो. ही विभागणी आज जगभर पाळली जाते.

पण आपला आकडा आता खरा आहे, हे ठरवायचं कसं? याचं उत्तर पोषक क्षारांनी दिलं. १९७६ साली एमआयटीच्या बॉइल, स्क्लेटर आणि एडमंड यांनी समुद्रातल्या कॅडमियमचा आलेख काढला. तो करवतीसारखा नव्हता. वरच्या पाण्यात जवळजवळ शून्य, खाली जाताना वाढत जाणारा, आणि फॉस्फेटच्या आलेखावर तंतोतंत बसणारा होता. प्लवक कॅडमियम फॉस्फेटबरोबर उचलतात आणि मेल्यावर खोल पाण्यात सोडतात, हे त्यातून दिसलं. पुढे ब्रुलँड आणि त्याच्या सहकाऱ्यांना जस्त सिलिकेटच्या मागे चालताना दिसलं. यातून एक कसोटी तयार झाली: धातूचा आलेख पोषक क्षारांच्या आणि पाण्याच्या थरांच्या चित्राशी सुसंगत असेल तर तो समुद्राचा, नाहीतर तो जहाजाचा. ॲटकिन्सच्या निळ्या रंगाने अशा रीतीने धातूंच्या खरेपणाची साक्ष दिली. १९६५ ते १९८५ या वीस वर्षांत कित्येक धातूंचे छापील आकडे दहापट ते हजारपट घसरले. समुद्र काही बदलला नव्हता, मोजणारे स्वच्छ झाले होते. कॅडमियमच्या किसाच्या नळ्या असलेल्या पोषक क्षारांच्या खोलीत धातूंचं काम कोणी करत नाही, ते याच कारणाने.

या स्वच्छतेचा सगळ्यात मोठा लाभ लोहाच्या बाबतीत झाला. दक्षिण महासागरात आणि अलास्काच्या आखातात नायट्रेट, फॉस्फेट मुबलक असूनही प्लवक का वाढत नाहीत, हे कोडं जुनं होतं. लोखंडी जहाजावरून लोह मोजणाऱ्याला ते भरपूरच दिसायचं, म्हणून कोडं सुटत नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या मॉस लँडिंगमधल्या जॉन मार्टिनने पॅटरसनची शिस्त घेऊन मोजलं. लोह लिटरमागे जेमतेम काही अब्जांश ग्रॅम निघालं. पिकाला खत होतं, पण चिमूटभर लोह नव्हतं. मार्टिन १९९३ च्या जूनमध्ये वारला, आणि त्याच वर्षी गॅलापागोसजवळ समुद्रात लोह टाकून त्याचं म्हणणं तपासण्यात आलं. प्लवक खरोखर वाढले.

या साखळीत गोव्याचं नाव येतं ते इथे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम १९६५ मध्ये संपली आणि तिच्या पायावर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे एनआयओ, स्थापन झाली. तिचं मुख्यालय दोना पावलाला आहे. २००९ साली एनआयओ आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने ‘पोलारश्टेर्न’ जहाजावरून दक्षिण अटलांटिकमध्ये ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला. भारताकडून वाजिह नक्वी आणि जर्मनीकडून व्हिक्टर स्मेटासेक हे त्याचे प्रमुख होते. तीनशे चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह सोडलं. प्लवक वाढले, पण त्या पाण्यात सिलिकेट कमी होतं, त्यामुळे सिलिकाचं कवच असलेले डायॲटम हे प्लवक वाढू शकले नाहीत. जे वाढले ते सूक्ष्म प्राण्यांनी खाऊन टाकले आणि खोलवर फारसा कार्बन बुडला नाही. समुद्रात लोह ओतून हवेतला कार्बन डायऑक्साइड स्वस्तात खाली पाठवण्याच्या आशेला यातून चाप बसला.

आपल्या किनाऱ्यासाठी मात्र जास्त महत्त्वाचं काम घराजवळ झालं. १९५९ साली ‘नेचर’मध्ये कॅरुथर्स, गोगटे, नायडू आणि लेव्हास्टू यांचा एक लेख आला होता. मुंबईसमोर ऑक्सिजन कमी असलेला पाण्याचा थर उतारावरून किनाऱ्याकडे चढतो आणि तळाच्या मासेमारीवर परिणाम होतो, असं त्यात मांडलं होतं. नक्वी आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात गोव्याच्या कांदोळीसमोर, सुमारे २६-२८ मीटर खोल पाण्यात, एक ठिकाण नियमित मोजायला घेतलं. पावसाळ्यात खोलचं, पोषक क्षारांनी भरलेलं पण ऑक्सिजन कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे वर येतं. वर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड पाण्याची पातळ चादर बसलेली असते, त्यामुळे खालच्या पाण्याला हवा लागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत ऑक्सिजन संपतो, मग जिवाणू नायट्रेटवर जगतात, तेही संपलं की सल्फेटवर. तेव्हा आलेल्या नमुन्याला कुजक्या अंड्याचा वास येतो आणि नायट्रेटचा गुलाबी रंग उमटतच नाही. १९९९ च्या मोजणीत या पाण्यातून नायट्रस ऑक्साइड हा तापमान वाढवणारा वायू फार मोठ्या प्रमाणात निघताना दिसला. २००० साली हे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. ऑक्सिजनची ही तूट मुळात मोसमी वाऱ्यांची आहे. शेतीतून आणि शहरांतून वाहून येणाऱ्या नायट्रोजनने ती वाढते का आणि किती, हा वाद अजून चालू आहे. समुद्रातलं सोनं न सापडलेल्या हाबरच्या अमोनियातून झालेलं खत आज नद्यांवाटे याच किनाऱ्याला येऊन मिळतं.

किनाऱ्याच्या पाण्याचं मोजमाप तसं खुल्या समुद्राहून अवघड. मांडवीतून लोहखनिजाच्या बार्जा गेल्या, ठाण्याच्या खाडीत सांडपाणी आलं, पावसात नद्या गढूळ झाल्या की पाण्यात गाळ असतो, आणि गाळातलं लोह, मँगनीज विरघळलेल्या धातूच्या हजारोपट असू शकतं. नमुना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळला की नाही, एवढ्यावर आकडा पार बदलतो. शिवाय उपकरणासमोर लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ असतं आणि मोजायचे असतात नॅनोग्रॅम. म्हणून आधी रेझिनच्या स्तंभावर धातू पकडून मीठ धुवून काढावं लागतं, मग मास स्पेक्ट्रोमीटरला द्यावं लागतं. दर फेरीत शुद्ध पाण्याचा ‘ब्लँक’ चालवावा लागतो आणि कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने प्रमाणित केलेल्या समुद्रजलासारखा नमुना मोजून दाखवावा लागतो. किनाऱ्यालगतच्या ठरलेल्या ठिकाणी पाण्याचं मोजमाप करण्यासाठी भारत सरकारने १९९१ साली ‘कोमॅप्स’ कार्यक्रम सुरू केला.

कोकणात बंदर, औष्णिक केंद्र किंवा रसायनांचा कारखाना येणार म्हटलं की २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते आणि पर्यावरण अहवालात समुद्राच्या पाण्यातल्या धातूंचं, नायट्रेटचं कोष्टक असतं. ते कोष्टक मान्य करण्याआधी किंवा फेकून देण्याआधी चार प्रश्न विचारा. ब्लँकचा आकडा काय आला? प्रमाणित नमुना मोजल्यावर उत्तर बरोबर आलं का? पाणी गाळलं होतं का? आणि नमुने पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत घेतले का, की फक्त उन्हाळ्यात एकदा? या चार प्रश्नांना उत्तर नसेल तर त्या कोष्टकात समुद्र कुठला आणि बाटली कुठली, हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि अशा आकड्यांवर प्रकल्पाला होकार किंवा नकार देणं दोन्ही चूक.